खंडेनवमीचा हार

तू ड्रोन घेतलास ना, म्हणून सांगतो राव, रस्त्यावर चुकूनही उडवू नकोस.

चाकणला आमच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा होते. माझा नवा ड्रोनही लेथशेजारी मांडला. हळदकुंकू लागलं, झेंडूचा छोटासा हार पडला. मालक म्हणाले, "आता वरनं गेट आणि हायवे, दोन्ही व्हिडिओत घे."

मी हार काढायला गेलो, तर आमचे जुने फोरमन आबा ओरडले, "आरं, पूजेचा हार लगीच काढत न्हाईत!"

राहू दिला. हारासकट ड्रोन उडाला, भर ट्रॅफिकवर जाऊन डगमगला आणि हार निसटला. पडला कुठे, तर चौकातल्या हवालदारांच्या टोपीवर!

ड्रोन कसाबसा उतरवून मी धावत गेलो.

"रस्त्यावर उडवायची परवानगी?"

"नाही साहेब. पण देवाची कृपा, नुसता हारच पडला."

त्यांनी शांतपणे हार माझ्या हातात ठेवला. "जपून ठेव. ते यंत्र पडलं असतं ना, तर हाच हार माझ्या फोटोला घालायला लागला असता."