अँटिव्हायरस मीच बसवला

जबाब देणार: नाव ओळखपत्रावरून उतरवून घेतलं आहे. पण घरी चौकशीला आलात तर 'मोठ्या आई' कुठे राहतात असं विचारा, ओळखपत्रावरचं नाव गल्लीत कोणाला माहीत नाही. वय: सत्तरी ओलांडून बरीच वर्षं झाली. धंदा: घरकाम. शिक्षण: चौथीत होते, परीक्षेच्या आधी शाळा सुटली. राहणार: पाण्याच्या टाकीमागची गल्ली, तळमजला. घरात मुलगा, सून आणि मी.

समक्ष ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते, की माझ्या मुलाने काल इथे तक्रार दिली आहे. तो बस डेपोत गाड्यांचं वेळापत्रक बघतो. त्याचं म्हणणं, त्याच्या बायकोने परका माणूस घरात आणून कॉम्प्युटर उघडला, त्याचा प्रोग्राम काढला आणि पासवर्ड बदलला. परका माणूस कोणी आला नाही. सूनबाईने काही काढलं नाही. जे केलं ते मी केलं. लिहिणाऱ्या हवालदार बाईंनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिहा पोरी, म्हातारीच म्हणते आहे."

माझी सून घरी बसून कापडावरची नक्षी काढते. कॉम्प्युटरवर काढते आणि गिरणीला पाठवते, गिरणी ती चादरींवर छापते. हात चांगला आहे तिचा. मी शेजारी भाजी निवडत बसते आणि सांगते, इथे पिवळा जास्त झाला, तिथे पान उपाशी दिसतंय. ती ऐकतेही. गेल्या महिन्यात बाजारात एका दुकानाबाहेर आमची चादर टांगलेली दिसली. मी दुकानदाराला म्हटलं, यातला हिरवा माझा आहे. तो म्हणाला, आजी, घ्यायची आहे का नुसती बघायची आहे. हवालदार बाई म्हणतात मुद्द्याचं बोला. मुद्द्याचंच बोलते आहे, मुद्दा जरा लांब राहतो.

गिरणीने सगळ्यांना कळवलं होतं की ज्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर चालू अँटिव्हायरस नसेल त्याचं काम घेणार नाही. एकाच्या घरून रोग आला की गिरणीच्या सगळ्या यंत्रांना होतो म्हणे. आमच्याकडे होता एक, पण त्याची मुदत कधीच संपली होती. कोपऱ्यात लाल खूण येऊन बसायची, सूनबाई ती बाजूला सारायची. मग तिने नवा घेतला, मंगळवारी सकाळी उतरवून घ्यायला लावला, आणि तेवढ्यात गिरणीतून बोलावणं आलं. जाताना म्हणाली, "आई, ते चालू राहू द्या. काही विचारलं तर मी आल्यावर बघते."

मी राहू देणारच होते. पण त्याने विचारलं. आणि आपल्या भाषेत विचारलं. अक्षरं मोठी होती, मला जोडून वाचायला वेळ लागतो, पण यंत्राला घाई नव्हती. माणसांपेक्षा ते बरं, मध्येच 'कळलं का' म्हणत नाही. त्याचं पहिलं म्हणणं, जुना अँटिव्हायरस आधी काढा, दोघे एकत्र चालणार नाहीत. खरंच आहे, एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील. काढला. कॉम्प्युटर आपोआप बंद झाला आणि पुन्हा आपोआप चालू झाला. माऊस कसा धरतात ते मी रोज बघते. बघून न येणारं असं त्यात काही नाही.

मग विचारलं, वरवर तपासू का पूर्ण तपासू. झाडायचं तर पलंगाखालचंही झाडायचं, मी पूर्णवर दाबलं. मग विचारलं, बाहेरून आत येणाऱ्यालाच अडवू का आतून बाहेर जाणाऱ्यालाही. मी दोन्हीवर खूण केली. घरातून कोण काय घेऊन जातंय हे घरच्या म्हातारीला कळायला हवं. रविवारी सकाळी आपोआप तपासणी, नवं काही आलं की स्वतःच शिकून घे, हेही लावून दिलं. साहेब, मला फार मजा आली. इतक्या वर्षांत मला कोणी एवढे प्रश्न विचारून माझ्या उत्तराप्रमाणे वागलं नव्हतं.

तपासणी बराच वेळ चालली. मी कणीक मळून आले तरी चालूच. मग लाल चौकट आली. लिहिलं होतं की या कॉम्प्युटरवर पाळत ठेवणारा प्रोग्राम आहे, तो काय टाइप होतं ते नोंदवतो, पडद्याचे फोटो काढतो आणि बाहेर पाठवतो. मी दोनदा वाचलं. मला वाटलं गिरणीच्या नक्ष्या चोरणारा कोणी असेल. चोर पकडला म्हणून मी इतकी खूश, की मुलगा जेवायला आला तर त्याला चप्पलही काढू दिली नाही.

"बघ, काय पकडलंय मी."

त्याने पाहिलं. म्हणाला, "हे कोणी लावलं?"

"मी. पूर्ण तपासणी केली, वरवरची नाही."

"तुला कोणी सांगितलं होतं यात पडायला?" मग आवाज खाली आणून, "आई, हा चोर नाही. मी ठेवलाय तो."

"कशाला?"

"ती दिवसभर एकटी असते. कोणाशी काय बोलते, मला कळायला नको?"

"एकटी कुठे? मी असते की."

"तुझं सोड."

"का सोड? मला विचारायचंस. मी सांगितलं असतं. ती पान काढते, गिरणीवाले म्हणतात डावीकडे वळवा, ती डावीकडे वळवते, मग ते म्हणतात आधीचंच बरं होतं. बहिणीला लिहिते की सासूबाईंचा गुडघा दुखतो. त्यात फोटो काढण्यासारखं काय आहे?"

"तुला नाही कळायचं," असं म्हणून त्याने 'परवानगी द्या' वर दाबलं, लाल चौकट गेली, आणि मला बजावलं की तिला सांगू नकोस. मी ताट वाढलं. तो जेवला आणि ड्युटीवर गेला. त्याला आमटी कमी पडली का, हे त्या दिवशी मी विचारलं नाही.

तो गेल्यावर मी चहा केला आणि कॉम्प्युटरसमोर बसले. परवानगी दिलेल्यांमध्ये तो प्रोग्राम दिसत होता, समोर 'बदला' असं होतं. दाबलं. त्याने मुख्य मालकाचा पासवर्ड मागितला. आता हा पासवर्ड मला कसा माहीत, असं साहेबांनी तीन वेळा विचारलं. तर कॉम्प्युटर घेतला तेव्हा मुलाने मुख्य मालक म्हणून माझं नाव घातलं. सूनबाईला दुय्यम ठेवलं, म्हणजे तिला सगळं उघडता येऊ नये. त्याच्या स्वतःच्या काही लक्षात राहत नाही, लहानपणी दोन छत्र्या शाळेत विसरला आणि एक बाजारात. लिहून ठेवला तर बायको वाचेल. म्हणून मला म्हणाला, "आई, हा शब्द तू पाठ ठेव. तुला यातलं काही कळत नाही, तेव्हा तुझ्याइतकी सुरक्षित जागा नाही." तिजोरी समजून ठेवला त्याने माझ्यात. तिजोरीला डोळे असतात हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

पासवर्ड घातला. यंत्राने विचारलं, कायमचा काढू का कोंडून ठेवू. काढून टाकला असता तर पुरावा गेला असता आणि मी खोटी पडले असते. म्हणून कोंडून ठेवला. तो अजून आत आहे. कधी आला, कुठे काय पाठवत होता, ते यंत्रच सांगतं. पंचांना घेऊन या आणि बघा, मी दार उघडेन. मग मी पासवर्डही बदलला. नवा काय आहे ते साहेबांनी विचारलं. सूनबाईलासुद्धा सांगितलेला नाही, तुम्हाला कोर्टाने सांगितलं तर सांगेन.

संध्याकाळी सूनबाई आली. मी तिला सगळं दाखवलं. तिने विचारलं, "आई, कधीपासून?" मी म्हटलं, "ते त्याच्यावर लिहिलंय." तिने वाचलं. नंतर ती दिवा न लावता तशीच बसून राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही. त्याबद्दल मला आणखी काही सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाला त्याच्या मोबाइलवर काही येईनासं झालं, तेव्हा घरात बोलाचाली झाली. मी सांगितलं, मी केलं. त्याचा विश्वास बसला नाही. म्हणाला, हिनेच कोणाला तरी आणून करून घेतलं आणि तुला पढवलं. आणि इथे येऊन तक्रार दिली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तक्रारीचं गिरणीला कळलं. आता चौकशी संपेपर्यंत तिचं काम बंद आहे. तिच्यावर ठपका आला तर ते पुन्हा सुरू होणार नाही. मी इथे त्यासाठी आले आहे, चहासाठी नाही, जरी चहा चांगला होता.

साहेब चांगले आहेत. त्यांनी मला बाजूला बसवून सांगितलं, "आजी, 'वयामुळे आणि अज्ञानामुळे चुकून बटण दाबलं गेलं' असं लिहू. सून सुटेल, मुलगा सुटेल, तुम्हालाही कोणी काही विचारणार नाही. घरातलं घरात मिटेल." मुलगा बाहेर बाकावर आहे, त्यालाही हे चालेल असं तो म्हणतो. त्याला का नाही चालणार? चुकून निघालं म्हटलं की उद्या बरोबर करून पुन्हा बसवायला तो मोकळा. आणि मालक अडाणी ठरली की मालकीही त्याची.

म्हणून सांगते की माझ्याकडून चूक झालेली नाही. तो प्रोग्राम काय करतो हे मी वाचलं होतं. तो माझ्या मुलाचा आहे हे त्याने स्वतः सांगितलं होतं. त्याने परवानगी दिली होती हे मी पाहिलं होतं. एवढं माहीत असून मी तो कोंडला. हा गुन्हा होत असेल तर आरोपीच्या जागी माझं नाव घाला, सुनेचं खोडा. मुलाच्या विरुद्ध काही होत असेल तर तेही होऊ द्या. पोटचा आहे म्हणून मी लपवणार नाही, आणि पोटचा आहे म्हणून घरी गेल्यावर त्याला ताट वाढीन. दोन्ही मला जमतं.

हा जबाब हवालदार बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. भाजीचं आणि चादरीचं थोडं कमी केलं आहे, त्याला माझी हरकत नाही. साहेबांनी सुचवलेली ओळ आधीच लिहिली गेली होती. तिच्यातलं 'वयामुळे आणि अज्ञानामुळे चुकून' माझ्यासमोर खोडलं आणि तिथे 'समजून उमजून' असं घातलं. तेवढे दोन शब्द मी कागद हातात घेऊन, बोट ठेवून, स्वतः वाचले. बरोबर आहेत.