पाय आधी गावी

(हॉस्पिटलची खाट. तामातीमामांचा उजवा पाय बँडेजमध्ये, चादरीबाहेर. भाची पिरिहिरा खुर्चीवर. नर्स मेरेआना सलाइन बघते आहे.)

पिरिहिरा : पण हॉस्पिटलवाले हो म्हणाले ना, मामा. आता ऑपरेशनच्या सहीला कशाला अडून बसलात?

तामाती : एवढ्या लवकर हो म्हणाले म्हणजे काहीतरी गोम आहे. मी भांडायच्या तयारीनं आलो होतो.

पिरिहिरा : तुम्ही म्हणालात, कापल्यावर पाय परत द्या, गावी पुरायचाय. ते म्हणाले, न्या. संपलं.

तामाती : मागे अंगठा कापला तेव्हा कुणी विचारलं? कचऱ्याबरोबर भट्टीत गेला. उद्या वर आजोबांनी विचारलं, अंगठा कुठाय, तर काय सांगू? धुराड्यातून गेला?

मेरेआना : ते हॉस्पिटल दुसरं, मामा. आणि वाइतांगीच्या करारात इंग्रजांच्या राणीनं आपल्या माओरी लोकांना लिहून दिलंय, आपलं जे मोलाचं ते आपल्याच ताब्यात राहील.

तामाती : त्यात पायाचं नाव आहे?

मेरेआना : मोलाचं म्हटलं की देह आला. देहात पाय आला.

तामाती : हा पाय मोलाचा? वर्षभर दवाखान्यात खेटे घातले, तिथल्या डॉक्टरनं एकदा मोजा काढायला सांगितला नाही. वजन कमी करा, म्हणायचा. आता करतो. एका दुपारीत.

पिरिहिरा : शेजारच्या गोऱ्या ग्रेगचा मोजा मात्र पहिल्याच खेपेला काढला.

तामाती : ग्रेगला साखरसुद्धा नाही. कुत्र्याला अडखळून पडला होता.

मेरेआना : म्हणूनच सांगते, इलाज आपल्या पद्धतीनं घ्या, पण घ्या. हक्क आहे, उपकार नव्हे. विष गुडघ्यावर चढलं तर मांडीपासून काढावा लागेल. त्याच्याही वर गेलं तर तुम्हाला अख्खंच गावी न्यावं लागेल. त्यालाही हॉस्पिटलची हरकत नाही.

तामाती : नेणार कशातून?

पिरिहिरा : वेतिनीदादानं बर्फाची पेटी आणलीय.

तामाती : निळी? शेवंडांची?

पिरिहिरा : धुतलीय त्यानं.

तामाती : खाण्याच्या पेटीत माणसाचं अंग? डोकं टेकायच्या उशीवर बूड टेकलं तरी विटाळ म्हणून आई आम्हाला फटके द्यायची.

पिरिहिरा : मीही तेच म्हणाले. तर म्हणतो, मग पेटीही पायाबरोबर पुरू. म्हणाला आणि रडवेला झाला. नवी आहे हो.

मेरेआना : पेटी आमच्याकडे आहे. तिचा शेवंडांशी काही संबंध नाही.

तामाती : आणि पुरायला कोण?

पिरिहिरा : सगळे. मोठी मावशी प्रार्थना म्हणणार. उरुपात, आपल्या गावच्या दफनभूमीत, रीपेकामामीशेजारची तुमची जागा पोरं खणणार. मग जमिनीतल्या भट्टीतलं मटण, रताळी. साठेक माणसं येतील.

तामाती : पायासाठी.

पिरिहिरा : लोक रजा काढून येताहेत.

तामाती : मग इथं कोण?

पिरिहिरा : इथं म्हणजे?

तामाती : सगळे पायाबरोबर गेले, तर उरलेल्या माणसाजवळ कोण बसणार? पायाला काही कळणार नाही. मला कळेल.

पिरिहिरा : एवढ्यासाठी अडला होतात?

तामाती : रीपेका हॉस्पिटलात एकटी गेली. दोघांनीच आत यायचं, म्हणाले. मग त्या दोघांनाही, वेळ संपली म्हणून बाहेर काढलं. आम्ही सगळे खाली गाड्यांत बसलो होतो. नियमाप्रमाणे.

मेरेआना : इथं पाळ्या लावून बसा. खोलीत गादी टाकून देते. तोही हक्कच आहे.

पिरिहिरा : मी बसते. मावशीलाही थांबवते.

तामाती : आणि तिची प्रार्थना?

पिरिहिरा : फोनवरून म्हणेल. पायाला चालेल.

तामाती : सही कुठं करायची?

मेरेआना : इथं.

तामाती : आणि पोरांना सांग, रीपेकाला अगदी चिकटून खणू नका. माझे गार पाय तिला सोसायचे नाहीत.

पिरिहिरा : किती लांब खणू देत?

तामाती : फार नको.