पाटीतले फोटो

— म्हणजे नाहीच ना? एकही फोटो परत येत नाही. बरं. मग काढ ती तुझी वायर आणि बस जरा, हितेश, लगेच पळू नकोस. आणि ते 'मॅडम, डिलीटवाल्यात फोटो ठेवतं का कोणी' परत म्हणू नकोस, मघापासून तेच ऐकतेय. ठेवतं. माझी आई ठेवते. या कोळीवाड्यातली जनी म्हणजे तीच, अख्खा जन्म डोक्यावर पाटी घेऊन ठाण्याच्या सोसायट्यांमधून मासळी विकली तिने — ती ठेवते.

का? अरे, स्क्रीनवर बघ ना काय आहे ते. केराचा डबा दिसतो तुला? पाटी आहे ती, मासळीची. आमच्याकडे पाटीत कचरा टाकतात का? जे चांगलं असतं ते पाटीत जातं, वर ओला कपडा टाकतात, कोणाला उगाच हात लावू देत नाहीत. बाबा गेले, तेव्हा त्यांचे होडीवरचे, जाळं टाकतानाचे सगळे फोटो मी आईसाठी या कॉम्प्युटरमध्ये भरले, कॅमेऱ्याचं कार्ड तर नंतर खराबच झालं. माऊसने ओढायचं कसं ते शिकवलं. हिने एकेक फोटो ओढून पाटीत नेऊन ठेवला, जपून. आणि काल मशीन स्लो झालंय म्हणून तुला बोलावलं, तर तू पाटी रिकामी केलीस, वरून सफाईचं ते काय ते फिरवून पुसूनपण घेतलंस. तुझ्या हिशोबाने बरोबरच केलंस. शी.

पाटीचं चित्र कोणी काढलं म्हणजे? मीच. धंदाच तो माझा, स्क्रीनवरची ही बारकी चित्रं काढायचा. वागळे इस्टेटला नोकरीला लागले तेव्हा आलेखाच्या कागदावर बत्तीस बाय बत्तीस चौकोन भरायचो आम्ही पेन्सिलने, एक चौकोन चुकला की फोल्डरचा बटाटा व्हायचा. आणि काढायचं काय — झाकणाचा पत्र्याचा डबा, पिवळी पुठ्ठ्याची फाईल, लाल झेंडीवाली टपालपेटी. कोणाच्या दारात बघितलीस तू झेंडीवाली टपालपेटी? अमेरिकेतल्या कुठल्या तरी साहेबाची केबिन ती, साऱ्या जगाने तीच आपली म्हणायची. मग आलं सगळं काचेचं, चकचकीत, प्रत्येक बटणावर उजेड पाडत बसायचं, महिनोन्‌महिने नुसता उजेड. मग एक दिवस कोणीतरी ठरवलं, उजेड वाईट, सपाट करा. केलं सपाट. आता घोडबंदर रोडच्या ऑफिसात सकाळपासून मेनूच्या तीन आडव्या रेघा काढते मी, गोल कोपऱ्याचे चौकोन काढते, बँकेचं ॲप आणि डायपरचं ॲप शेजारी ठेव, फरक सांग मला. सेव्हच्या बटणावर फ्लॉपी तर अजून काढतोय आम्ही, ती बघितलेला एक जण नाही माझ्या टीममध्ये. किळस येते रे. म्हणून म्हटलं, एक तरी चित्र आपलं काढावं, आईला ओळखीचं वाटेल असं. भरलेली पाटी काढली, रिकामी काढली, दोन रविवार बसलेले. ऑफिसात पण दाखवली, वाहवा मिळाली. मी विचार काय केला, तर केराच्या टोपलीच्या जागी आपली टोपली. तीस वर्षं या धंद्यात घालवून एवढी अक्कल.

तक्रार केली होती ना तिने. फोटो मोठे होत नाहीत म्हणाली, नखाएवढेच दिसतात. त्या डिलीटवाल्यात मोठे होतच नाहीत, तुला माहितीये, मलापण माहितीये. मी काय केलं — तिचा चष्मा बदलून आणला. मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. घाई होती मला.

नाही, सॉरी नको. ऐक. आज सकाळी तिने पाटी उघडली, आत काही नाही. मला वाटलं आता रडणार. तर हसली. म्हणते, "कोनी नेला सगला?" कळतंय तुला? आमच्यात रिकामी पाटी म्हणजे माल गेला, घरोघरी गेला, दिवस चांगला गेला. तिला वाटतंय बाबांचे फोटो लोकांनी मागून नेलेत. आणि मी हो म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं, हो आई, नेले लोकांनी. तेव्हापासून ठेवणीतलं लुगडं नेसून बसलीये, कोणाकोणाच्या घरी लावलेत ते बघायला चल म्हणते. म्हणून मी तुला फोन केलेला, वाटलं एक तरी निघेल —

थांब, उठली वाटतं. आलीच. — अगं आई, हळू, वायर आहे तिथे. — हो, हाच तो कॉम्प्युटरवाला मुलगा. — हो गं, यानेपण नेलाय एक. होडीवरचा. डोंबिवलीला यांच्या घरी, भिंतीवर लावलाय. — हितेश, मान हलव. — बघ, हो म्हणतोय. — नाही आई, आज नको, त्याला उशीर होतोय. — बॅग उचल आणि नीघ रे तू, ती पत्ता विचारायच्या आत.