तिऱ्हाईत पायजे

…आन चुलत्याचं पत्र चालत न्हाई! का, तर म्हणे चुलता. मामाचं न्हाई, दाजीचं न्हाई, गावच्या सरपंचाचं नेलं तर म्हणले सरपंच तुमच्या आत्याचे दीर हायेत. आता तुमाला सांगतो, परभणी जिल्ह्यात एक माणूस हुडकायचा, शिकलेला, सही करणारा, आन आपला कोणीच न लागणारा… कुठून आणायचा? पण तात्याराव एकच बोलायलेत, टेबलावर बोट ठेवून. "तिऱ्हाईत पायजे."

हे तात्याराव म्हणजे रिटायर हेडमास्तर, आन जिल्ह्याचा कोश काढायलेत त्या मंडळाचे चिटणीस. कोश म्हणजे काय, तर जिल्ह्यात जे जे हाय ते सगळं अ पासून ज्ञ पर्यंत एका पुस्तकात. देवळं, दर्गे, बाजार, तळी, पैलवान… एक पैलवान हाय त्याच्यात, का, तर त्यानं कधीकाळी रेडा खांद्यावर उचलला व्हता. अर्धं पान! रेडा कोणाचा व्हता ते बी दिलंय. मंग मी म्हणलो, रेड्याला जागा हाय तर माझ्या वखराला का न्हाई?

थांबा, वखर म्हणजे शेतातला न्हाई. कंप्युटरची भाषा हाय ती, मी केलेली. हसू नका. ब्याण्णवच्या आधीची गोष्ट, स्टेशन रोडला आमच्या साहेबाचा कंप्युटर क्लास व्हता आन मी तिथं शिकवायला. मशीन एक, पोरं पंचवीस. चपला भाईर काढायच्या, पाय पुसायचे, मशीनवर फुलाफुलाचं कव्हर, देवघरात बी इतलं सोवळं पाळत न्हाईत. आन पोरं कुठली, तर जिंतूरकडची, खेड्यापाड्यातली. इंग्रजीत हुकूम द्यायचा म्हणलं की घाम फुटायचा, आन चुकलं की मशीन रागवायचं ते बी इंग्रजीत! पोरगं माझ्याकडं बघायचं, "सर, काय म्हणायलंय हे?" मी म्हणलो पंचवीस पोराला इंग्रजी शिकवण्यापरीस एका मशीनला आपलं बोलणं शिकवू. दोन वर्षं गेली त्याच्यात. सोपं हाय बघा, माहिती घ्यायची तर 'आण', पडद्यावर दाखवायची तर 'दाव', संपलं की 'बास'. एकच काम दहादा करायचं तर 'दहा फेरे मार', औताचे मारतो तसे. टाइप रोमन अक्षरातच करायचं, देवनागरी कुठली त्या मशीनला, पण वाचलं की घरचं वाटायचं. आन चुकलं तर मशीन वरडत न्हाई. "इथं जरा बगा," इतलंच म्हणतंय.

मंग साहेबानं क्लास बंद केला, मशीन कोणाला तरी विकून टाकलं. माझ्याकडं राहिली एक फ्लॉपी, तिला पावसाळ्यात बुरशी आली. म्हणजे दोन वर्षं राबलो आन हातात काय, तर बुरशी. लय वाईट वाटायचं हो मला. उद्या कोणी म्हणलं असलं काही नव्हतंच मुळी, तर काय दाखवणार? म्हणून तो कोश. चार ओळी मागितल्या मी, चार!

तात्यारावनं समदं ऐकून घेतलं, माणूस वाईट न्हाई, चहा पाजला. आन म्हणले, "हे बघा चंद्रभान. मनुष्य स्वतःबद्दल सांगतो ती बढाई, सोयरा सांगतो ती भीड. खरं काय ते तिऱ्हाईत सांगतो. तिऱ्हाईत पायजे."

आता बोला! मंग चुलता, मामा, दाजी, सरपंच, वखर खरा हाय म्हणून समद्यांची पत्रं झाली, ते सांगितलंच तुमाला. शेवटी इथल्या एका साप्ताहिकाच्या संपादकाकडं गेलो, म्हणलो छापा. ते म्हणले कोशात आलंय का? कोशात आलं की आमी छापतो. मी म्हणलो तुमी छापलं की कोशात येतंय. ते म्हणले मंग आधी ते बघा. तिकडून इकडं, इकडून तिकडं, तीन आठवडे चपला झिजवल्या तवा तीन ओळी छापल्या, वधू-वर मेळाव्याच्या खाली. कात्रण घेऊन पळतच गेलो. तात्यारावनं चष्मा लावला, कात्रण वाचलं, माझ्याकडं सरकवलं.

"संपादक तुमच्या मायचे मावसभाऊ हायेत."

मी म्हणलो मला म्हाईत नव्हतं. ते म्हणले मला म्हाईत हाय. झालं! ह्या जिल्ह्यात कोण कोणाचा कोण हे त्या माणसाला इतलं पाठ हाय की कोश कशाला लिहायलेत तेच कळंना.

आन मंग एक दिवस बाजारात एक जण भेटला, म्हणला मानवतला एका जिनिंगवर कंप्युटर हाय, तो म्हणं मराठवाडी बोलतो. मी तसाच एसटीत बसलो. जिनिंगच्या दारात कापसाच्या बैलगाड्यांची ही लाईन, दोन दोन दिवस मुक्काम ठोकून बसलेले लोक, आन आत हाफिसात कोण मशीन असंल? आमचंच! फुलाफुलाच्या कव्हरासगट! समोर बन्सीधर म्हणून कारकून, गाड्यांचे नंबर लावायला बसलेला. कोणती गाडी कवा आली, कोणाचा नंबर कवा, समदं वखरात. साहेबानं मशीन विकलं ते वखर आतच ठेवून, आन ह्या गड्याला कोणी शिकवलं न्हाई, काही न्हाई, आपलं आपण वापरायलाय. मी मागं उभा. पडद्यावर आलं, "इथं जरा बगा." माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

म्हणलो तुमी कोणचे? त्यानं गाव सांगितलं. म्हणलो आईचं माहेर? ते बी सांगितलं. आजोळ, आत्या, मावश्या, समदं विचारलं, कुठंच धागा लागंना! तुमाला सांगतो, सोयरिक न लागल्याचा इतला आनंद ह्या मराठवाड्यात कोणाला झाला नसंल. तिऱ्हाईत! अस्सल तिऱ्हाईत!

बन्सीधर भला माणूस. म्हणला पत्र लिहितो, शिक्का मारतो, रविवारी परभणीला येणारच हाय, घरी आणून देतो. इथंच चुकलं माझं. हाफिसात घ्यावं का न्हाई पत्र? घरी बोलावलं! घरी कोण, तर आमची माय, धुरपताबाई. मी पत्र वाचायलोय, "माझा सदर इसमाशी कोणताही संबंध नाही," काय गोड वाक्य, आन तिकडं माय चहा घेऊन आलेली. गाव कोणतं, शेती किती, घरात कोण कोण… तो बिचारा म्हणला, आई हाय आन एक बहीण हाय, केशर, लग्नाची. मायनं माझ्याकडं बघितलं. माझं लग्न व्हायचं व्हतं अजून.

तो गेल्यावर म्हणलो माय, दोन महिने थांब, कोश छापून होऊ दे, मंग कोणाची बी बहीण बघ. ती म्हणली, "तुज्या कोशाला बहीण हाय का?"

सोमवारी सकाळी तात्यारावच्या दारात. त्यांनी पत्र वाचलं, शिक्का बघितला, तारीख बघितली, म्हणले उत्तम. माझा जीव भांड्यात पडायलाच व्हता, तर म्हणले, "हे बन्सीधर, ह्यांची बहीण बघायला जायलात म्हणं तुमी?" रविवारी दुपारची गोष्ट सोमवारी सकाळी त्यांच्या टेबलावर! मी म्हणलो अजून बघितली न्हाई. ते म्हणले, "मंग तुमीच ठरवा. सोयरा पायजे का तिऱ्हाईत पायजे."

मी ठरवलं. खरंच ठरवलं, न्हाई म्हणायचं. पोरी मिळतील, तिऱ्हाईत मिळणार न्हाई. मानवतला गेलो, पाटावर बसली ती, नाव विचारलं, शिक्षण विचारलं, दहावी. मोठी माणसं म्हणली पोरी, तुला काही विचारायचं तर विचार, आता असं म्हणायची पद्धत हाय, पोरगी काय विचारती थोडीच? मी न्हाई कसं म्हणावं ते जुळवायलोय मनात, तर ही मान वर करून म्हणती:

"नव्व्याण्णव गाड्याच्या पुढं वखर अडतो, ते कामून?"

बन्सीधर खाली बघायलाय. मंग कळलं, गाड्यांची यादी कशी लावायची ते हुकूम हीच घरी बसून वहीत लिहायची, आन भाऊ जिनिंगवर जाऊन नुसता टाइप करायचा. कंप्युटर कसा असतो ते बघितलं न्हाई तिनं जन्मात! आन चूक बरोबर हुडकलेली, दोनच आकडे धरले व्हते मी, शंभर आले की वखर बसतो. आता तुमी सांगा, अशा जागी कोणता माणूस न्हाई म्हणंल? मी म्हणलो पसंत हाय. नोंद गेली ते मला तवाच कळलं.

लग्न झालं. आन मंगलाष्टकं झाली, अंतरपाट निघाला, बघतो तर नवरीच्या मागं मामा म्हणून कोण उभा? तात्याराव! केशरच्या आईचे चुलतभाऊ. पत्र उत्तम म्हणले त्या दिवशी बन्सीधर आपलाच भाचा हे त्यांना म्हाईत व्हतं का न्हाई, आजपतोर विचारलं न्हाई मी. जेवताना म्हणले, जावईबापू, आता तर ती नोंद माझ्या हातून अजिबात व्हायची न्हाई, लोक काय म्हणतील? मी बी म्हणलो जाऊ द्या मामा. काय करता!

पण पुढं ऐका. महिन्याभरात एक पोतं घेऊन घरी आले. पोत्यात चिठ्ठ्या, दोन हजार, कोशातल्या समद्या नावांच्या. म्हणले ह्या अ पासून ज्ञ पर्यंत लावायच्यात, आमच्या दोन माणसांनी हात टेकले, आता घरचाच माणूस हाय म्हणल्यावर दुसऱ्या कोणाकडं कशाला जाऊ? घरचाच! मंग काय, केशरनं प्रत्येक अक्षराला नंबर दिला, शंभराची चूक आमी दोघांनी मिळून काढली, बन्सीधरनं रविवारी जिनिंग उघडून दिली, आन पाच रविवारात जिल्ह्याची समदी सूची वखरानं लावून दिली. एक बी नाव मागं पुढं न्हाई.

कोश आला. जाड, निळा, सोनेरी अक्षरं. मी आधी व काढला. 'वकील संघ', आन त्याच्या खाली थेट 'वसमत'. मधी बोटभर जागा न्हाई. ते म्हाईतच व्हतं मला. मंग शेवटचं पान काढलं, आभाराचं. छापखान्याचे आभार, कागदवाल्याचे, बैठकीला खुर्च्या देणाराचे, चहावाल्याचे, पैलवानाच्या नातवाचे, फोटो दिला म्हणून. सूचीचं नाव न्हाई. ना माझं, ना केशरचं, ना वखराचं.

गेलो. म्हणलो मामा, नोंद ऱ्हाऊ द्या, पण इथं आभारात तरी एक ओळ? तर मला जवळ बसवून घेतलं हो त्यांनी. पाठीवर हात ठेवला, डोळे भरले त्यांचे, आन इतल्या मायेनं म्हणले, "जावईबापू, घरच्याचे आभार मानतात का कुठं? आभाराला तिऱ्हाईत पायजे."