सासूबाईंच्या श्राद्धाला पीच

पीच? आजच्या दिवशी पीच? – अगं उचल, उचल ती पेटी, ओट्यावर नको! सोलमध्ये बावीस वर्षं राहून अक्कल काय नदीत सोडलीस? श्राद्धाच्या घरात पीच आणत नाहीत, वासानंच मेलेलं माणूस उंबऱ्यावरून मागं फिरतं, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि श्राद्ध कुणाचं, तर तुझ्या-माझ्या सासूचं! – गाडीतच राहू द्यायची होती? भावोजींनी काढली? हां, ढकल नवऱ्यावर. दरसाल तेच तुझं – रस्त्यावर गर्दी होती, सुट्टी उशिरा मिळाली – आणि यायचं कधी, तर सगळी धिरडी करून, मासे तळून, फळं रचून झाली की! मग त्या रंगवलेल्या नखांनी दोन चेस्टनट सोलायचे आणि हुश्श करायचं. मी आहेच की थोरली, मेली राबायला.

आणि ती नेच्याची भाजी ठेव खाली, आधी नैवेद्याच्या मेजावर जाते ती – चाखलीस? चाखलीसच! हो, आहे लसूण. मग? एकतीस वर्षं हे मेज मांडतेय मी, पूर्वजांना लसूण चालत नाही, तिखट चालत नाही, हे तू शिकवणार मला? मीच घातलाय. मुद्दाम. दरसाल घालते, अकरा वर्षं झाली. झालं समाधान? जा, सांग त्या दोघा भावांना, बसलेत आत टाय बांधून.

का म्हणजे? म्हातारी आत येऊ नये म्हणून! दारापर्यंत यावं, वास घ्यावा आणि उपाशी परत जावं, म्हणून! – माझी मिरान आठवते तरी का तुला? तुझ्या लग्नात तुझ्या झग्याच्या घोळाला धरून फिरत होती, ती. सहा वर्षांची. ताप डोक्यात गेला आणि तीन दिवसांत संपली. टेकडीवर पुरली, वर मातीचा उंचवटासुद्धा नाही. वर्ष झालं तेव्हा मी फक्त एक वाटी भात मांडला – एक वाटी, गं! – तर सासूबाईंनी तो उचलून कुत्र्याला घातला. लहान पोरांचं श्राद्ध नसतं, म्हणे. असं? मग तुम्हीही नका जेवू माझ्या हातचं. कुत्र्याला चालला ना माझा भात? राहा तुम्ही दाराबाहेर.

आता तू कशाला रडतेस? बंद कर ते. – काय? पीच मिरानसाठी? टेकडीवर ठेवणार होतीस? तिला पीच आवडायचे हे तुला कुणी सांगितलं? – सासूबाईंनी? कधी? – हो हो, माहितेय, शेवटचा महिनाभर इस्पितळात तूच होतीस उशाशी, किती वेळा ऐकवशील – काय म्हणाल्या? नीट बोल, रडत बोलू नकोस. – तिकडं गेले की पोरीला आधी शोधीन... दरसाल हाताला धरून आणीन... माझ्याच भातातला भरवीन. – त्या म्हणाल्या? त्या? – आणि हे तू आज सांगतेस मला? – थोरलीला सांगू नकोस म्हणाल्या. का? – लाज वाटली. भात फेकल्याची.

अकरा वर्षं. – म्हणजे आजीचा हात धरून ती दरसाल या दारातून उपाशीच – थांब.

ती भाजी ओत. सगळी. इथं अंगणात नको, ओढ्यापलीकडं. पातेलं दोनदा घास. नेचा भिजवलेला आहे अजून, पुन्हा होईल भाजी. आणि ती पेटीही ने. आवडू देत तिला, आज नको, पुढच्या आठवड्यात जाऊ टेकडीवर, दोघी. – भावोजींना म्हणावं, थांबा तासभर, काही अडत नाही. – माझ्याकडं अशी बघत काय राहिलीस? जा! पीचला लागलेले हात स्वच्छ धुऊन ये. माझ्या हातांचा लसणाचा वास आता जायचा नाही. भात तूच वाढ, त्यात दोन चमचे खोच, एक आजीचा, एक नातीचा. मी बाहेर बसते. फाटकापासून लांब.