सहा नंबरचा चिमटा

भाईंदर पश्चिमेला उत्तनच्या शेअर रिक्षासाठी रांग लागली होती. मृणालिनीताईंच्या पुढे रिमोटवर उडणारी विमानं सांभाळत दोघं उभे होते, एक पिकल्या केसांचे काका आणि एक तरुणी.

"काका, गेल्या रविवारी सहा नंबरचा चिमटा तुम्ही घरी घेऊन गेलात."

"हो गं इशिता. विमान इतकं झकास उतरलं, त्या आनंदात तसाच निघालो."

"मी एक वाजेपर्यंत मैदानात बसून होते."

"कशाला? मी गेलो होतो ना. करायचास रिमोट चालू."

"तुम्ही गेलात, हे मला कुठे ठाऊक? मैदानातल्या बोर्डावर चिमटा नाही म्हणजे सहा नंबरवर कोणीतरी उडवतंय. एकाच नंबरच्या रेडिओ लहरीवर दोन रिमोट लागले, तर विमान कोणाचं ऐकतं?"

"कोणाचंच नाही."

"आणि पडतं कोणाच्या तरी डोक्यात. तुम्हीच शिकवलंय. चिमटा हातात, तरच रिमोट चालू."

"फोन तरी करायचास."

"सात वेळा केला. बंद!"

"तोही चिमट्याबरोबर पँटच्या खिशातच राहिला गं. वॉशिंग मशीनमध्ये."

मृणालिनीताईंनी हसू लपवायला तोंडावर पदर धरला. काकांनी खिशातून लाल चिमटा काढून इशिताच्या हातावर ठेवला.

"आज आधी तू उडव."

"आणि तुम्ही?"

"मी थांबतो. वीस वर्षं सहा नंबरवर मी एकटाच होतो. ज्याच्यासाठी थांबावं, असं कोणी नव्हतंच."