मिश्रीनं थांबलेलं रक्त

रहिमतपुरात दातांच्या दवाखान्यात चंदनबाला नंबराची वाट बघत बसली होती. डॉक्टरांकडून बाहेर आलेली सासू-सून शेजारच्या बाकावर टेकली, आणि हिचे कान आपोआप तिकडं लागले.

“रुक्सार, एकाबी दाताला कीड न्हाई, मग सगळे कशापायी काढायचे गं?”

“अम्मी, दाताखालचं हाडच ऱ्हायलं न्हाई.”

“खाल्लं कुणी?”

“आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी. हिरडीतल्या जंतूंशी त्या लढत बसल्या, जंतू काय हटंनात, आन् त्या लढाईत हाड गेलं.”

“या अल्ला! राखणदारांनीच घर पाडलं?”

“व्हय.”

“पर मला दुखलं न्हाई गं कवा. रगात यायचं, ते तंबाखूची मिश्री लावली आन् बंद झालं.”

“रक्त तेवढं बंद झालं, अम्मी. आतली लढाई चालूच ऱ्हायली, असं डॉक्टर म्हणले.”

सासूचा हात तोंडावर गेला.

“रुक्सार... तुजं रगात कवा थांबलं?”

“मागल्या जुम्म्याला. तुमीच न्हवती का मिश्री दिली?”

तेवढ्यात चंदनबालाचा नंबर पुकारला. तिनं आपली चिठ्ठी रुक्सारच्या मुठीत कोंबली.

“जा पोरी. आदी तू दाखव.”